वहीतली विहीर

भूजलाच्या कामात नोंदी दोन तऱ्हेच्या असतात. एक वर पाठवायची आणि एक आपल्याजवळ ठेवायची. वर जाणारी नोंद आखीव लागते : विहिरीचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची पातळी, खडकाचा प्रकार. ती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, शेकडो विहिरींच्या आकड्यांत मिसळते आणि नकाशावरचा एक ठिपका होते. जवळ ठेवायच्या नोंदीला असा साचा नसतो. ती वहीत असते, पेन्सिलीने लिहिलेली, आकृत्यांनी भरलेली, मधेच कुणाचे तरी वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतलेली. माझ्या कामातून ही दुसरी नोंद काही वर्षे जवळजवळ नाहीशी झाली होती. ती पुन्हा सुरू केली त्यालाही आता बराच काळ लोटला. या परतण्याने कामात नेमकी काय भर पडली, ते सांगावेसे वाटते. कारण हा केवळ माझ्या आवडीचा प्रश्न नाही. जमिनीखालचे पाणी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. ते समजून घ्यायचे तर नोंदीचाच आधार असतो, आणि नोंद कशी करतो यावर आपल्याला काय दिसणार हे ठरते.

आमच्या पिढीचे भूशास्त्राचे शिक्षण वहीवर झाले. सह्याद्रीतल्या घाटरस्त्याने कडेकडेने चढत जायचे आणि लाव्हाचा एक थर कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो ते शोधायचे, हा पहिला धडा. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली हाच बेसाल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला आणि त्यातून हे पठार उभे राहिले. लांबून सगळा डोंगर काळा दिसतो. जवळ गेले की थराचा खालचा भाग घट्ट, उभ्या भेगांनी चिरलेला असतो. वरचा भाग सच्छिद्र असतो, कारण थिजणाऱ्या लाव्हातले वायूचे बुडबुडे तिथे अडकलेले असतात. त्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरली, झिओलाइट वगैरे. विहीर खोदणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट खडकाला काळा पाषाण. दोन थरांच्या मधे कधी कधी गेरूसारखा लाल मातीचा पट्टा असतो. पाणी कुठे मुरेल, कुठे अडेल आणि कुठून बाहेर येईल याची बरीचशी उत्तरे या सांध्यांवर मिळतात.

हे पाहण्याचे नियम आमच्या सरांनी वहीतूनच शिकवले. शाई नाही, पेन्सिल. घामाने आणि पावसाने शाई पसरते, शिसे टिकते. पान उघडले की आधी तारीख आणि जागा. खोडरबर जवळ ठेवायचा नाही. लिहिलेले बदलायचे असेल तर त्यावरून एक रेघ ओढायची, पण खालचे वाचता आले पाहिजे, कारण आधी काय वाटले होते हीसुद्धा माहिती असते. उजव्या पानावर जे दिसले ते, डाव्या पानावर आकृती आणि त्यावरून जे वाटते ते. या दोहोंची सरमिसळ करायची नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे जागेवरचे जागेवरच लिहायचे. मुक्कामी गेल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीला सर फील्डची नोंद मानतच नसत.

पुढे नोकरीत टॅबलेट आले. त्यांनी काम सोपे केले हे मनापासून मान्य करायला हवे. विहिरीजवळ उभे राहिले की जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. फोटो त्याच नोंदीला जोडला जातो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांचे आकडे एका तक्त्यात येतात. पूर्वी हे आकडे वहीतून तक्त्यात उतरवण्यातच आठवडे जात आणि उतरवताना चुकाही होत. एखाद्या तालुक्यातल्या विहिरींची पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी शेजारी शेजारी ठेवून पाहायची असेल, तर तक्त्याला पर्याय नाही. मी आजही तो वापरते आणि यापुढेही वापरेन.

वहीकडे मी वळले ते पुरंदर तालुक्यातल्या काही गावांचा अहवाल लिहिताना. कऱ्हेच्या खोऱ्यातला हा भाग. पश्चिमेकडे डोंगराच्या अंगाला पाऊस बरा पडतो, पण जेजुरीच्या दिशेने सरकावे तसा तो झपाट्याने उतरतो. अंजीर, सीताफळ, वाटाणा ही इथली नावाजलेली पिके. अंजिराच्या मिठ्या बहाराची फळे उन्हाळ्यात येतात, म्हणजे विहिरी खोल जातात नेमक्या त्याच दिवसांत. त्यामुळे इथला बागायतदार आपल्या विहिरीकडे रोज पाहत असतो. अहवाल लिहायला बसले तेव्हा माझ्यासमोर त्या गावांचा तक्ता होता. एकही रकाना रिकामा नव्हता. शेजारी याच भागात कितीतरी वर्षांपूर्वी केलेल्या कामाची माझी जुनी वही होती. तक्त्यातून मला पाणी किती खोल आहे ते कळत होते. वहीतून पाणी कुठून येते ते कळत होते. अहवालात गावाला द्यायचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे होते. बंधारा कुठे घालायचा, चर कुठे खणायचे, कुठल्या बाजूची झाडी राखायची हे ठरते पाणी कुठून येते त्यावर. त्यानंतरच्या दौऱ्यात पिशवीत टॅबलेटच्या जोडीला जाड पुठ्ठ्याची वही आणि दोन पेन्सिली आल्या.

फरक कशाने पडतो हे हळूहळू उलगडले. टॅबलेटमधला तक्ता मला प्रश्न विचारतो आणि मी उत्तरे देते. खडकाचा प्रकार कोणता, असा प्रश्न आला की यादीतून बेसाल्ट निवडायचे. पुरंदरात बेसाल्टशिवाय दुसरे काय असणार? उत्तर बरोबर आहे आणि त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न ज्याने ठरवले त्याला ते ठरवताना जेवढे माहीत होते, तेवढेच तक्त्यात मावते. कोऱ्या पानावर प्रश्न छापलेला नसतो. तिथे काय पाहायचे हे मलाच ठरवावे लागते. विहिरीच्या काठावर उभे राहून कोऱ्या पानाकडे पाहिले की आपोआप पुन्हा विहिरीकडे पाहिले जाते.

एका अंजिराच्या बागेतली विहीर सांगते. बागेचे मालक वयस्कर, सगळे त्यांना नाना म्हणतात. विहीर त्यांच्या वडिलांनी खोदायला घेतली आणि १९७२च्या दुष्काळानंतर ती आणखी खाली नेली. मी कठड्याला टेकून आत पाहत होते आणि वहीत विहिरीचा उभा छेद काढत होते. वरून बांधकाम, त्याखाली मुरूम, मग कुजलेला मऊ खडक, मग मांजऱ्या, त्याच्या तळाशी लालसर पट्टा आणि त्याखाली काळा पाषाण. नाना शेजारी येऊन वहीत डोकावले.

"ताई, हा तांबडा पट्टा तुम्ही सरळ काढलाय. तो मावळतीकडं वर हाय अन् उगवतीकडं खाली उतरलाय."

मी पुन्हा पाहिले. उतार अगदी थोडा होता, पण होता. नानांनी पेन्सिल मागून घेतली आणि मावळतीच्या बाजूला, लाल पट्ट्याच्या थोडे वर, दोन छोटे बाण काढले. "झरे इथं हायती. खालच्या काळ्या दगडातनं थेंबसुद्धा येत नाही. वडलांनी तो फोडला, दीड परस खाली गेले, पर पाणी वाढलं नाही. निस्ती साठवण वाढली."

ही वाक्ये मी तशीच उतरवून घेतली. त्यांत या विहिरीचे सगळे शास्त्र आहे. लाल पट्टा चिकण, त्यातून पाणी सहसा खाली जात नाही. वरच्या मांजऱ्या खडकातून झिरपत आलेले पाणी त्या पट्ट्यावर अडते, त्याच्या उताराने सरकते आणि विहिरीने तो पट्टा जिथे कापला तिथे झऱ्याच्या रूपाने आत उतरते. म्हणजे या विहिरीचे पाणी मावळतीकडच्या टेकाडावर मुरते. नंतर नानांच्या विहिरीजवळच्या ओढ्याकाठच्या इतर विहिरींचे छेद काढले आणि प्रत्येक ठिकाणी लाल पट्टा जमिनीपासून किती खाली आहे ते लिहीत गेले. जमिनीच्या चढउताराचा हिशेब घालून ते छेद एका पानावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा पट्टा एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत सलग जाताना दिसला. पाणी मुरवण्याचे काम ओढ्यात न करता वर टेकाडाच्या अंगावर करावे, ही शिफारस त्या पानावरून झाली. टॅबलेटमध्ये त्या सगळ्या विहिरींच्या नोंदी होत्या, फोटोही होते. फोटो काढताना मी विहिरीकडे क्षणभर पाहिले होते. आकृती काढताना तिचा प्रत्येक हात वेगळा पाहावा लागला. आकृती चांगली यावी लागत नाही. हात चालला पाहिजे, म्हणजे डोळा थांबतो.

पाण्याची पातळी मोजण्याची जुनी रीतही वहीबरोबर परत आली. पोलादी टेपच्या पहिल्या मीटर-दीड मीटरला खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. टोक पाण्यात बुडाले असा अंदाज आला की कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेशी टेपचा पूर्ण मीटरचा आकडा धरायचा. समजा १२ मीटर. टेप वर ओढला की खडू जिथपर्यंत भिजला ती रेघ स्पष्ट दिसते. ती ०.८५वर असेल तर खुणेपासून पाणी ११.१५ मीटरवर. कठड्याची उंची ०.७५ असेल तर जमिनीपासून १०.४० मीटर. ही वजाबाकी मी वहीत पूर्ण लिहिते, नुसते उत्तर लिहीत नाही. तक्त्यात फक्त १०.४० जातो. पुढच्या वर्षी कठड्याची डागडुजी झाली, दोन थर विटा वाढल्या, की वहीतल्या वजाबाकीवरून ते लगेच ध्यानात येते. नुसत्या आकड्यावरून पाणी एकाएकी खाली गेल्यासारखे दिसले असते.

आकड्याच्या शेजारी काय लिहिले जाते तेही महत्त्वाचे. मोजण्याआधी मोटार चालू होती का? किती वेळ? शेजारच्या रानात नवे बोअर पडले का? विहिरीत आडवी बोअर मारली आहेत का, आणि कुठल्या दिशेला? सच्छिद्र, भेगाळलेल्या बेसाल्टमध्येही उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या घनफळाच्या १ ते ३ टक्केच असते. म्हणजे एखाद्या शिवारात पाण्याची पातळी मीटरभर उतरली, तर त्या खडकातून जेमतेम एक ते तीन सेंटीमीटर उंचीचे पाणी हाती आलेले असते. साठा इतका तुटपुंजा असताना तासभर चाललेली मोटारसुद्धा पातळी हलवते. मोटारीची नोंद नसेल तर पातळीचा आकडा कशाबद्दल बोलतो आहे तेच सांगता येत नाही.

शेतकऱ्यांची स्वतःची मापे वहीत बिनतक्रार मावतात. विहिरीची क्षमता त्यांना घनमीटरमध्ये माहीत नसते, पण त्यांचा अंदाज पक्का असतो. दिवाळीपर्यंत पाच एचपीची मोटार दिवसभर चालते, संक्रांतीनंतर तीन तास, शिमग्यानंतर पाऊण तासात फुटबॉल (पाइपच्या तळाची झडप) उघडा पडतो आणि विहीर भरायला रात्र जाते. या एका वाक्यात वर्षभराचा आलेख आहे. ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे आणि मुक्कामी त्याचे लिटर करायचे. आधी लिटर विचारले तर माणूस अंदाजपंचे आकडा सांगतो आणि त्याला जे खरोखर माहीत असते ते बोलायचे राहून जाते.

वही पाहून माणसांचे बोलणे बदलते, हेही पुन्हा अनुभवाला आले. टॅबलेटवर मी काय भरते आहे ते समोरच्याला दिसत नाही. त्याची नोंद कुठल्या योजनेत जाणार, अनुदानाशी तिचा संबंध आहे का, बोअरवर बंदी येणार का, अशा शंका त्याच्या मनात येतात आणि त्या रास्त आहेत. वही उघडी असते. त्याच्या शेताचा कच्चा नकाशा त्याच्या डोळ्यांदेखत तयार होतो आणि तो चुकीचा वाटला की त्याला गप्प बसवत नाही. ओढ्याचे वळण, जुनी बुजवलेली विहीर, पूर्वी मार्गशीर्षापर्यंत वाहणारा आणि आता दसऱ्यालाच आटणारा झरा, हे सगळे नकाशा दुरुस्त करण्याच्या निमित्ताने बाहेर येते. बायकांकडून तर फार मोलाचे कळते. पिण्याचे पाणी कुठल्या विहिरीचे गोड, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठे हंड्याला पांढरा थर बसतो, हे त्या सहज सांगतात. पाणी खडकात किती काळ राहिले आणि त्यात क्षार किती उतरले याचा तो पहिला सुगावा असतो. प्रयोगशाळेत कुठल्या विहिरीचा नमुना पाठवायचा हे मी अनेकदा त्यावरून ठरवते.

जागेवर लिहिलेल्या कच्च्या कागदाची ताकद आपल्याकडे भूमी अभिलेख कार्यालयात पाहायला मिळते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत शेतावर उभे राहून केलेली टिपणे तिथे अजून जपलेली आहेत. हाताने काढलेली आकृती आणि तिच्यावर साखळी-आण्यांत लिहिलेली मापे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. बांधाचा वाद निघाला की आजही त्या टिपणापर्यंत जावे लागते. मोजणी करणाऱ्याने जे मोजले ते तिथेच लिहिले आणि ज्या रेषेवरून मोजले ती रेषाही दाखवली, म्हणून दीडशे वर्षांनी दुसऱ्याला ते मोजमाप पुन्हा पायाखाली घालता येते. विहिरीच्या नोंदीकडूनही माझी हीच अपेक्षा असते. माझ्या मागे येणाऱ्याला त्याच खुणेशी उभे राहून तेच पुन्हा मोजता आले पाहिजे.

आमच्या शास्त्रात वहीची थोरवी सांगायला चार्ल्स डार्विनचे उदाहरण पुरेसे आहे. १८३१ ते १८३६ या काळात बीगल जहाजावर असताना तो स्वतःला आधी भूशास्त्रज्ञ मानत होता, आणि त्या प्रवासातली त्याची भूशास्त्राची टिपणे प्राणिशास्त्राच्या टिपणांहून कितीतरी अधिक आहेत. केप व्हर्ड बेटांवर त्याला कड्यात एक आडवा पांढरा पट्टा दिसला. त्यात शिंपले होते आणि वरून लाव्हाचा थर आलेला होता. समुद्राचा तळ लाव्हाखाली गेला आणि नंतर सगळेच वर उचलले गेले, हा अर्थ तो तिथे उभा राहून लावत होता. त्याच्या कामाची पद्धत मला फार जवळची वाटते. किनाऱ्यावर खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने त्रोटक लिहायचे आणि जहाजावर परतल्यावर त्यावरून सविस्तर टिपण करायचे. पहिल्या लिहिण्यात पाहणे होते, दुसऱ्यात विचार.

ही दुसरी फेरी मीही नेमाने करते. मुक्कामाला आल्यावर, जेवणाआधी, दिवसाची पाने पुन्हा वाचायची. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले असेल तर त्यावरून पेन फिरवायचे, पण मजकूर बदलायचा नाही. नव्याने सुचलेले डाव्या पानावर, वेगळ्या शाईने. वहीच्या शेवटच्या पानांवर प्रश्नांची यादी ठेवते. नानांच्या विहिरीतला लाल पट्टा ओढ्यापलीकडे जातो का? देवळामागचा झरा त्याच पट्ट्यावर आहे का? अमुक विहीर उन्हाळ्यातही का आटत नाही? उत्तर मिळाले की प्रश्नापुढे पानाचा क्रमांक लिहायचा. काही प्रश्न कितीतरी दिवस तसेच राहतात, एका वहीतून पुढच्या वहीत जातात. पुढचा दौरा कुठे करायचा हे मी त्या यादीवरून ठरवते. तक्त्यात भरलेला रकाना काम संपल्याचे सांगतो, वहीतला मोकळा प्रश्न काम कुठे उरले आहे ते दाखवतो.

हाताने लिहिल्याने समज वाढते का, यावर मानसशास्त्रात बरीच चर्चा झाली आहे. २०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग गाजले. लॅपटॉपवर टिपणे घेणारे ऐकलेले शब्दशः उतरवतात, हाताने लिहिणाऱ्यांना ते निवडून, आपल्या शब्दांत आणावे लागते आणि त्याचा आकलनाला फायदा होतो, असे त्यांनी मांडले. नंतर हेच प्रयोग इतरांनी करून पाहिले तेव्हा फायदा तेवढा ठळक दिसला नाही. वर्गातल्या टिपणांचा निकाल काय लागायचा तो लागो. विहिरीच्या काठावर कुणी व्याख्यान देत नसते. तिथे वाक्य तयार नसते, ते पाहून पाहून घडवावे लागते, आणि त्या घडवण्याला जो वेळ लागतो तो माझ्या कामाचा सगळ्यांत उपयोगी वेळ आहे.

सवय परत यायला मात्र वेळ लागतो. सुरुवातीला हात भरून येतो, अक्षर वळत नाही, बरोबरचे सहकारी पुढच्या विहिरीवर पोचलेले असतात. दिवसाला विहिरी कमी होतात. म्हणून कामाची वाटणी बसवावी लागली. ज्या विहिरींची पातळी फक्त नियमित मोजायची आहे, त्यांचा आकडा टॅबलेटवर आणि वहीत एक ओळ. प्रत्येक गावात ओढ्याच्या उगमाकडची, मधली आणि खालची अशा मोजक्या विहिरी निवडून त्यांचे मात्र संपूर्ण पान. रोज रात्री पानांचे फोटो काढून ते त्याच विहिरीच्या क्रमांकाला जोडायचे. वही भिजू शकते, हरवू शकते, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर हा सोपा इलाज आहे. वहीच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला क्रमांक. एवढे केले की तक्ता आणि वही एकमेकांच्या आड येत नाहीत. नवीन मुले-मुली कामाला येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी टॅबलेट देत नाही. एका विहिरीवर बसवते आणि छेद काढायला सांगते. त्यांची बोटे माझ्यापेक्षा कितीतरी चपळ असतात, पण तासाभराने ती मुले विहिरीबद्दल जे विचारू लागतात ते टॅबलेटच्या कुठल्याच रकान्यात नसते.

आणि याच्याही पुढची एक वही आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती माझी नाही, गावाची आहे. अनेक गावांत आता पर्जन्यमापक असतो. सकाळी साडेआठ वाजता आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा असतो. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरते. गावात हे काम एखादी शिकलेली सून, शाळेतले गुरुजी किंवा पंचायतीतला तरुण करतो. पूर्वी आम्ही त्यांच्याकडून आकडा फोनवर मागवत असू. तो आमच्याकडे येई आणि गावात त्याचा मागमूस राहत नसे. आता आम्ही जाड बांधणीची वही गावातच ठेवतो. एका पानावर पाऊस, समोरच्या पानावर ठरलेल्या विहिरींची पातळी, आणि खाली मोकळी जागा. त्या जागेत काय लिहायचे ते आम्ही सांगितलेले नाही. लोक लिहितात. ओढा कधी वाहू लागला, बंधारा कधी भरला, पेरणी कधी झाली, टँकर कधी आला.

गावाच्या शिवारावर पडलेला पाऊस किती हे काढण्याचा हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारावर एक मिलिमीटर म्हणजे १ कोटी लिटर. त्यातले बरेचसे वाहून जाते, काही उडून जाते, थोडे मुरते. पण हा हिशेब पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत, गावाच्याच वहीतल्या आकड्यांवरून मांडला की त्याला वजन येते. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. पाऊस पाहून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीचे पीक ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असा नियमही त्या गावाने स्वतःवर घालून घेतला. बाहेरून आलेल्या अहवालाने असे नियम टिकत नाहीत. आपल्याच गावातल्या माणसाने, आपल्याच विहिरीवर उभे राहून, आपल्यादेखत लिहिलेल्या आकड्याने टिकतात.

पुरंदरातल्या एका गावात मी अशा सभेला बसले आहे. पाऊस बेताचाच झाला होता. पंचायतीतल्या ताईंनी वही उघडून या वर्षीच्या आणि आदल्या दोन वर्षांच्या ऑक्टोबरमधल्या पातळ्या वाचून दाखवल्या. एकाने विचारले, मागच्या साली एवढेच पाणी असताना टँकर कधी लागला? त्यांनी पाने उलटून तारीख सांगितली. त्यावर कुणी माझ्याकडे पाहिले नाही. बोलणे आपसातच सुरू झाले, वाटाणा किती करायचा, गहू कुणी टाळायचा, अंजिराच्या बागांना पाणी पुरवायचे तर वरच्या अंगाच्या विहिरींनी कधी थांबायचे. सगळ्यांचे एकमत झाले नाही, पण वाद पाण्यावर झाला आणि आकड्यांना धरून झाला. मी काढलेले छेद आणि नकाशे त्या वहीत चिकटवलेले होते, आणि बोलताना लोक त्यांवर बोट ठेवत होते.

पाण्याबाबतचे खरे निर्णय असे गावात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पेरणीच्या तोंडावर होतात. त्या वेळी नोंद हाताशी हवी आणि ती करणारा माणूस समोर हवा. वर जाणाऱ्या आकड्यांनी धोरणे आखता येतात, निधी ठरतो, तालुका संकटात आहे की नाही ते कळते. ते सगळे आवश्यक आहे. पण नानांच्या विहिरीला मावळतीकडून पाणी येते आणि म्हणून मावळतीचे टेकाड सर्वांनी मिळून राखले पाहिजे, हे ज्ञान तिथल्या माणसांजवळच असायला हवे आणि त्यांच्या नातवंडांनाही वाचता यायला हवे. म्हणून माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक गावाने आपल्या पाण्याची एक वही ठेवावी, ती पंचायतीत सर्वांना पाहता येईल अशी असावी, आणि ती लिहिणाऱ्याला गावाने मान द्यावा. आम्ही शास्त्राची माणसे मोजायला शिकवू, छेद काढून देऊ, चुकले तिथे सांगू. पुढची पाने गावानेच लिहायची आहेत.